वरच्या मजल्यावरची पहिली सीट

लहानपणी सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलो की डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट पकडायची, हा नेम. कंडक्टरने दोरी ओढून दोनदा घंटी वाजवली की इंजिनाची घरघर तळपायांतून वर चढायची. गाडीच्या तोंडावर ‘अशोक लेलँड’ लिहिलेलं असायचं. त्यातलं लेलँड हे एका गावाचं नाव आहे, हे फार उशिरा कळलं.

ते गाव इंग्लंडमधल्या लँकेशायरमधलं. तिथे १८९६ मध्ये समनर आणि स्पुरियर या घराण्यांनी वाफेच्या मालवाहू गाड्यांचा कारखाना काढला. १९२७ ची त्यांची ‘टायटन’ ही दुमजली बस बुटकी, हलकी, ठेंगण्या पुलाखालून सहज जाणारी. १९५८ च्या ‘अटलांटियन’मध्ये इंजिन मागे गेलं आणि दार पुढे, ड्रायव्हरच्या नजरेसमोर आलं. आज शहरात धावणाऱ्या दुमजली बसची ठेवण अशीच असते.

मग १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या आग्रहाने लेलँडच्या गळ्यात तोट्याकडे निघालेला मोटारींचा मोठा धंदा बांधला गेला. एकत्र कुटुंबात कमावत्या भावाने सगळ्यांची कर्जं फेडत राहावं, तशी बस-ट्रकची कमाई मोटारींकडे वळू लागली. नव्या यंत्रांना पैसा उरेना. १९७५ मध्ये कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुढे तिचा साउथॉलचा कारखाना १९७९ मध्ये, ब्रिस्टलचा १९८३ मध्ये आणि लीड्सचा १९८४ मध्ये बंद झाला. १९८८ मध्ये बसचा विभाग व्होल्वोकडे गेला. १९९३ मध्ये वर्किंग्टनजवळचा कारखानाही थांबला.

लीड्सच्या शेडचं कुलूप मात्र पुढच्याच वर्षी निघालं. तिथल्याच काही जुन्या माणसांनी ‘ऑप्टेअर’ नावाने पुन्हा बस बांधायला घेतल्या. २०१० मध्ये त्या कंपनीत भागीदार म्हणून आली, ती लेलँडच्याच मदतीने चेन्नईत वाढलेली अशोक लेलँड. दोन वर्षांत ऑप्टेअरचा मोठा वाटाही तिने घेतला. आईच्या मोडलेल्या संसारातलं भांडं लेकीने सोडवून आणावं, तसं हे झालं. तीच ऑप्टेअर पुढे ‘स्विच’ झाली, आणि मुंबईत २०२३ पासून धावणाऱ्या विजेच्या लाल डबल डेकर त्याच नावाच्या आहेत.

परवा त्यातल्या एकीत चढलो. पहिली सीट मिळाली. पायाखाली घरघर नव्हती, पण समोरची मोठी काच आणि तिच्यात अंगावर येणारी झाडाची फांदी तीच होती. कारखाना विकताना जागेचा, यंत्रांचा हिशेब होतो; पत्रा वळवणाऱ्या हातांचा कोणी करत नाही. ते हात पांगले की कसब एका पिढीत संपतं. लीड्समध्ये ते वाचलं, कारण वर्षाच्या आत कोणीतरी शेड उघडली. साउथॉल आणि ब्रिस्टलच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.