रोखठोक बोलून मान मिळतो?

बायका आडून बोलतात. ‘मला वाटतं’, ‘चालेल ना?’ अशी शेपटं प्रत्येक वाक्याला लावतात, म्हणून बैठकीत त्यांचं कुणी ऐकत नाही. त्यांनी पुरुषांसारखं रोखठोक बोलावं, मान आपोआप मिळेल. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हे सर्रास शिकवलं जातं आणि वर त्याला शास्त्राचा आधार असल्याचंही सांगतात. हा आधार म्हणजे बहुतेक वेळा रॉबिन लेकॉफ यांचं १९७५ सालचं पुस्तक. अमेरिकी बायकांच्या बोलण्यातल्या अशा लकबी त्यांनी नोंदवल्या हे खरं. पण त्यांचं मूळ त्यांनी बायकांना मिळालेल्या दुय्यम जागेत शोधलं होतं. शिबिरवाल्यांनी लकबी तेवढ्या उचलल्या, कारण सोडून दिलं.

या म्हणण्याला खरा सुरुंग लागतो तो मादागास्करमध्ये. तिथल्या डोंगराळ भागातल्या एका मालागासी खेड्यात एलिनोर कीनन यांनी अभ्यास केला. त्यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावात आडून, सौम्यपणे, म्हणींचा आधार घेत बोलत ते पुरुष! कुणाला तोंडावर दुखवायचं नाही, ही तिथली सभ्यता. लग्नाची मागणी घालण्यासारख्या प्रसंगी ‘कबारी’ नावाचं औपचारिक भाषण व्हायचं, आणि ते पुरुषच करायचे. बायका मात्र सडेतोड. बाजारात घासाघीस त्या करत, पोरांना दटावत, तक्रार समोरच्याच्या तोंडावर सांगत. एवढंच काय, कुणाला खडसावायचं असेल तर पुरुषच बाईला पुढे करत.

म्हणजे शिबिरात जे शिकवतात ते या बायकांना उपजतच येत होतं म्हणा ना. मग मान त्यांना मिळाला का? नाही. तिथे आडून बोलणं प्रतिष्ठेचं ठरलं आणि बायकांचा रोखठोकपणा म्हणजे रीत न कळणं ठरलं. अमेरिकेत बाई मऊ बोलते म्हणून कमी, मादागास्करमध्ये कडक बोलते म्हणून कमी.

हा एकच अपवाद, असं कुणी म्हणेल. पण पापुआ न्यू गिनीतल्या गापुन गावात डॉन कुलिक यांनाही तेच दिसलं. तिथल्या बायका घरातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्यांचा भडिमार करून राग काढत. पुरुष मात्र आपल्या बैठकीच्या घरात जमून एकमताची भाषा बोलत. समंजसपणाचं श्रेय अर्थातच पुरुषांना.

लकबींचं नातं लिंगापेक्षा अधिकाराशी आहे, हे अमेरिकेतच उघड झालं. विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यायालयांतल्या साक्षी तपासून १९८० मध्ये दाखवलं, की तज्ज्ञ म्हणून उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या बोलण्यात या ‘बायकी’ लकबी थोड्याच होत्या. समाजात खालच्या पायरीवरच्या पुरुषांच्या बोलण्यात त्या भरपूर होत्या.

आपल्याकडेही पाहा. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असं सहज म्हणतात. पण क्रियापद पुल्लिंगी झालं म्हणून कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही.

तेव्हा सुधारणा हवी ती बोलणारीच्या जिभेत नव्हे, ऐकणाऱ्यांच्या व्यवहारात. कुणी आधी बोलायचं, कुणाला मध्येच तोडायचं, कुणाचा मुद्दा इतिवृत्तात यायचा, हे ज्यांच्या हातात आहे त्यांना प्रश्न विचारला पाहिजे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. ती सभा खरोखर होते का, की नुसत्या सह्या गोळा होतात, हे पाहणं शंभर शिबिरांपेक्षा मोलाचं आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, संस्थांचे सचिव, तुम्ही जे कुणी इतिवृत्त लिहिता, त्या तुम्हाला विनंती एवढीच: पुढच्या सभेत बाईने मांडलेला मुद्दा तिच्या नावानिशी, तिने मांडला तसा लिहून घ्या.