‘पेजिंगमुळे विखंडन संपते’ : एक अर्धसत्य आणि आपले महासंगणक

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ मालिकेतले तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. त्याच दिवशी हवामानशास्त्रासाठी उभारलेल्या ‘अर्का’ आणि ‘अरुणिका’ या यंत्रणांचेही लोकार्पण झाले, खर्च ८५० कोटी. बातम्यांत सर्वत्र एकच शब्द दुमदुमत होता : पेटाफ्लॉप्स. सेकंदाला किती आकडेमोड, याचे हे माप. ती आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरपर्यंत आकडे पोहोचतात कसे, मेमरीच्या कोणत्या पानांतून येतात आणि ती पाने सलग आहेत की विस्कटलेली, हा प्रश्न मला एकाही बातमीत आढळला नाही. वार्ताहरांना मी दोष देत नाही. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे हेच आपण आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत नाही, तर वार्ताहरांनी तो कोठून आणावा?

ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर दिलेल्या कोणत्याही अभियांत्रिकी पदवीधराला विचारून पाहा. पेजिंगचा फायदा काय? उत्तर तत्काळ येईल : बाह्य विखंडन होत नाही, उरते ते फक्त अंतर्गत विखंडन. दोन गुण. पुढचा प्रश्न.

हे उत्तर चुकीचे नाही. ते अर्धे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत आपले संशोधक निमूटपणे मोजत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

आधी खरा अर्धा भाग पाहू. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठातील ‘ॲटलस’ या संगणकाने एक सुंदर युक्ती प्रत्यक्षात आणली. प्रोग्रॅमला मेमरी सलग दिसते. प्रत्यक्षात ती समान आकाराच्या पानांत चिरलेली असते आणि ती पाने भौतिक मेमरीत कोठेही पडलेली असू शकतात. कोणते पान कोठे आहे याचा तक्ता यंत्र सांभाळते. कोणतेही रिकामे पान कोणत्याही कामाला चालत असल्यामुळे ‘जागा आहे पण सलग नाही’ ही तक्रारच उरत नाही. आजच्या सर्वसाधारण संगणकात हे पान चार किलोबाइटचे असते. येथपर्यंत पाठ्यपुस्तक बरोबर आहे.

आता वगळलेला अर्धा. तक्ता पाहणे फुकट नसते. आजच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांत तो चार मजली असतो. एक पत्ता शोधायला मेमरीच्या चार जादा खेपा पडू शकतात. म्हणून प्रोसेसर अलीकडेच पाहिलेले पत्ते टीएलबी नावाच्या एका लहानशा वहीत टिपून ठेवतो. एका परिचित पिढीच्या इंटेल प्रोसेसरात या वहीच्या दुसऱ्या पातळीत १५३६ नोंदी मावतात. चार किलोबाइटच्या पानांनी या सर्व नोंदी मिळून केवळ ६ मेगाबाइट मेमरीचा ठावठिकाणा सांगतात. पान २ मेगाबाइटचे केले, तर त्याच नोंदी ३ गिगाबाइट व्यापतात. ज्याचा डेटा शेकडो गिगाबाइटभर पसरला आहे आणि जो त्यात इकडून तिकडे उड्या मारतो, अशा प्रोग्रॅमसाठी हा फरक शोभेचा नाही.

पण २ मेगाबाइटचे एक पान म्हणजे चार किलोबाइटची ५१२ पाने, भौतिक मेमरीत सलग आणि ठरावीक सीमेपासून सुरू होणारी. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेले बाह्य विखंडन मागच्या दाराने घरात येऊन बसले. पाठ्यपुस्तक मात्र अजून पुढचेच दार दाखवत आहे.

मराठी वाचकाला हे समजायला संगणकशास्त्र लागत नाही, सातबारा पुरतो. नावावर वीस एकर आहेत, पण सोळा ठिकाणी. ट्रॅक्टर वळवायला जागा नाही. यासाठी मुंबई प्रांताने १९४७ साली कायदा केला, ज्याला आपण सोयीने तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा म्हणतो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये नेमके हेच दोन उपाय आहेत. तुकडेबंदी म्हणजे हलवता येणारी पाने आणि न हलवता येणारी पाने पहिल्यापासूनच वेगवेगळ्या वस्त्यांत ठेवणे. ती २००८ च्या सुरुवातीला आली. तुकडेजोड, म्हणजे विखुरलेली पाने एका टोकाला सरकवून दुसरीकडे सलग जागा मोकळी करणे, २०१० मध्ये आली. दोन्हींमागे मेल गॉर्मन या आयरिश प्रोग्रॅमरचा मोठा वाटा आहे. लिनक्सच्या मेमरी-व्यवस्थापनावर त्याने लिहिलेले जाडजूड पुस्तक मुळात लिमेरिक विद्यापीठातला त्याचा एमएस्सीचा प्रबंध होता. आपल्याकडे एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय मांडला असता, तर ‘यात संशोधन काय आहे?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला असता.

या सर्वांच्या तळाशी आहे ‘बडी’ पद्धत. मोठा तुकडा हवा तेवढा लहान होईपर्यंत निम्मा-निम्मा करत जायचे; दोन्ही जुळे मोकळे झाले की पुन्हा जोडायचे. ही कल्पना १९६३ च्या सुमारास हॅरी मार्कोविट्झ यांना सुचली आणि १९६५ साली केनेथ नोल्टन यांनी ती छापली. (तेच मार्कोविट्झ, ज्यांना १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल गुंतवणुकीच्या सिद्धान्तासाठी मिळाले. मेमरीचे वाटप हाही शेवटी टंचाईचाच विषय!) जुळ्यांपैकी एकही अडकून राहिला, की जोड होत नाही. त्या एका पानामुळे त्याच्या वरच्या सगळ्या पायऱ्या अडतात.

येथे नेहमीचा आक्षेप येतो : तुकडेजोड आहे ना, मग प्रश्न सुटला. नाही सुटला. तुकडेजोड फक्त हलणाऱ्या पानांची होते. कर्नेलची स्वतःची बरीचशी पाने शेतातल्या विहिरीसारखी असतात, सरकवता येत नाहीत. महासंगणकात त्यांत भर पडते ती नेटवर्क कार्डाने थेट वाचण्यासाठी खिळवून ठेवलेल्या पानांची. अशी पाने किती नुकसान करू शकतात, याचे एक कच्चे गणित करून पाहा. समजा एका नोडवर २५६ गिगाबाइट मेमरी आहे आणि तिच्यातली फक्त १ टक्का पाने अशी अचल, यदृच्छया विखुरलेली आहेत. बाकी ९९ टक्के मेमरी पूर्ण मोकळी. सलग ५१२ पाने मोकळी सापडण्याची संभाव्यता ०.९९ चा ५१२ वा घात, म्हणजे सुमारे ०.००५८. साधारण पावणेदोनशे तुकड्यांत एक. २५३ गिगाबाइट मोकळे आहेत आणि त्यांतले मोठ्या पानांच्या उपयोगाचे आहे जेमतेम दीड गिगाबाइट! प्रत्यक्षात कर्नेल पाने यदृच्छया टाकत नाही, म्हणूनच परिस्थिती इतकी वाईट नसते. पण ती का वाईट नसते आणि केव्हा तशी होऊ शकते, हे जाणणारा माणूस त्या यंत्राजवळ असावा लागतो.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटायला हवे. १९५८ साली आल्फ्रेड रेनी यांनी एक प्रश्न सोडवला : लांबलचक रस्त्यावर समान लांबीच्या गाड्या मनाला येईल तेथे उभ्या करत गेल्यास किती रस्ता भरेल? सुमारे ७४.७६ टक्के. पाव रस्ता मोकळा, आणि तरी एकही गाडी मावत नाही. सांख्यिकीय भौतिकीत आपण यावर व्याख्याने देतो, शोधनिबंध लिहितो. तीच घटना आपल्याच सिम्युलेशनच्या पोटात घडते, तेव्हा मात्र ती ‘आयटीवाल्यांची अडचण’ ठरते.

आणि ती घडते गुपचूप. मोठे पान मिळाले नाही तर कर्नेल तक्रार करत नाही, बहुधा लहान पाने देऊन मोकळा होतो. प्रोग्रॅम चालतो, उत्तरही बरोबर येते, फक्त वेळ अधिक लागतो. एका संस्थेत मी हे जवळून पाहिले आहे. नुकत्याच चालू केलेल्या नोडवर जे सिम्युलेशन सुरळीत धावायचे, तेच महिनोन्‌महिने न थांबलेल्या नोडवर रेंगाळायचे. विचारणा केल्यावर सल्ला मिळाला : रीबूट करा. रीबूटने काम होते हे खरे. पाटी पुसली की तिच्यावर पुन्हा लिहिता येते. परंतु कारण न कळता लागू पडलेले औषध ज्याला समाधान देते, त्याने स्वतःला वैज्ञानिक का म्हणवावे, हे मला कळत नाही.

एका नोडचा रेंगाळपणा त्या नोडपुरता राहत नाही, हे आणखी गंभीर आहे. समांतर गणनेत हजारो प्रक्रिया प्रत्येक टप्प्यावर एकमेकींसाठी थांबतात. सर्वांत सावकाश चालणारी प्रक्रिया सर्वांचा वेग ठरवते. एका नोडचा कर्नेल ऐन वेळी तुकडेजोड करत बसला, तर उरलेले सगळे ताटकळतात. २००३ साली लॉस अलामॉसच्या संशोधकांनी ‘ॲस्की क्यू’ या महासंगणकाची हरवलेली कार्यक्षमता शोधून काढली. दोषी होता ऑपरेटिंग सिस्टिमच्या बारीकसारीक व्यत्ययांचा एकत्रित गोंधळ. विखंडन नव्हे, पण भाऊबंदच. हार्डवेअरला हात न लावता त्यांनी एका महत्त्वाच्या प्रोग्रॅमचा वेग दुप्पट केला. आयबीएमच्या ब्लू जीनने गणनेच्या नोडवर मेमरीची विभागणी आरंभीच स्थिर करणारा छोटा कर्नेल वापरला. जपानच्या रिकेन संस्थेने लिनक्सच्या शेजारी चालणारा हलका कर्नेल स्वतः घडवला. या लोकांना पेटाफ्लॉप्स मोजता येत नव्हते असे नाही.

आपण काय केले? राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ साली ४५०० कोटींच्या तरतुदीने मंजूर झाले. यंत्रे उभी राहिली, सी-डॅकने देशी सर्व्हर घडवले. हे यश लहान नाही आणि ते नाकारणारा मी नाही. पण यंत्र आले की त्याच्याभोवती कर्नेल वाचू शकणारी, संशोधकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी माणसे किती नेमली, किती काळासाठी आणि कोणत्या वेतनश्रेणीवर, हे कोणी अभिमानाने जाहीर करत नाही. प्रयोगशाळेत लेझर जुळवणारा तंत्रज्ञ आपल्याला समजतो. महासंगणक मात्र विकत घेतला की आपोआप चालतो, अशी आपली श्रद्धा दिसते.

‘कर्नेलचे काम जगभरचे लोक करतातच, आपल्याला तयार मिळते,’ असेही म्हटले जाते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो, हे खरेच. कर्नेल तयार मिळतो. पण तुमच्या नोडवर, तुमच्या नेटवर्क कार्डासह, तुमच्या हवामान-प्रारूपाखाली तो कसा वागतो, याचे मोजमाप कोणी तयार देत नाही. शिखर-आकड्याचा तर उपयोगच नाही. जपानच्या ‘फुगाकू’ने सरळसोट समीकरणांच्या चाचणीत ४४२ पेटाफ्लॉप्स नोंदवले आणि मेमरीशी झगडायला लावणाऱ्या एचपीसीजी चाचणीत १६. त्यांनी दोन्ही आकडे प्रसिद्ध केले. आपल्या प्रत्येक उद्‌घाटनात दुसरा आकडाही मोठ्या अक्षरांत छापला जावा, इतकी मागणी अवाजवी नसावी.

विद्यार्थिमित्रांनो, लिनक्स असेल तर आज रात्री ‘प्रॉक’ निर्देशिकेतली ‘बडीइन्फो’ ही फाइल उघडा. सर्वसाधारण संगणकावर प्रत्येक ओळीत अकरा आकडे दिसतील : डावीकडे चार किलोबाइटचे मोकळे तुकडे, उजवीकडे चार मेगाबाइटचे. आठवडाभर यंत्र बंद न करता रोज ते टिपा आणि उजवीकडचे दोन रकाने कसे बदलतात ते पाहा. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना एक प्रश्न सुचवतो, दोन गुणांऐवजी दहा गुणांचा : ‘एका यंत्रावर निम्मी मेमरी मोकळी असूनही २ मेगाबाइटचे एकही पान मिळत नाही. हे पेजिंग असताना कसे शक्य आहे? यासाठी कमीत कमी किती अचल पाने पुरतील, आणि ती कोठे असावी लागतील?’