टोल शून्य, तिकीट दुप्पट

दहिसरच्या नाक्यावर मोटारवाल्याला 45 रुपये मोजावे लागत. 14 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, राज्य मंत्रिमंडळाने ते माफ केले आणि त्याच मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. पुढे सात महिनेही उलटले नाहीत तोच, 9 मे 2025 पासून, बेस्टचे किमान तिकीट पाचाचे दहा झाले. वातानुकूलित बसमध्ये सहाचे बारा. दोन्ही फायली वेगवेगळ्या टेबलांवरून गेल्या, त्यामुळे त्या शेजारी ठेवून पाहण्याचे कुणाला कारण पडले नसावे. पण पश्चिम द्रुतगती मार्गावर बोरिवलीहून अंधेरीकडे रखडत येणाऱ्या बसमध्ये बसलेल्या माणसाला ते दोन्ही निर्णय खिडकीतून एकदमच दिसतात.

मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. 2050 पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे, हा त्यातला संकल्प. 2019 साली मुंबईने सुमारे 2 कोटी 34 लाख टन हरितगृह वायू हवेत सोडले, असा त्यातला हिशेब. पैकी 72 टक्के वीज आणि इतर ऊर्जावापराचे, 20 टक्के वाहतुकीचे, बाकीचे कचऱ्याचे. आराखडा महापालिकेचा, पण त्याच्या किल्ल्या मंत्रालयात. इंधनावरचा मूल्यवर्धित कर राज्याचा, टोल राज्याचा, वाहननोंदणी राज्याची, बहुतेक मेट्रो राज्याच्या एमएमआरडीएची. बसचे भाडे वाढवायलाही महानगर प्रदेशाच्या परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. म्हणजे मुंबईचा धूर कमी करायचा की वाढवायचा, हे ठरते राज्याच्या टेबलावर.

त्या टेबलावर काय ठरले? 2024 च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईसाठी डिझेलवरचा मूल्यवर्धित कर 24 वरून 21 टक्क्यांवर आला, पेट्रोलवरचा 26 वरून 25 वर. मग टोल गेला. मग बसचे तिकीट वाढले. 2025 च्या ऑगस्टपासून विजेवरच्या मोटारींना अटल सेतूवरचा अडीचशे रुपयांचा टोलही माफ झाला. विजेवरच्या बसने घाटकोपर स्टेशन गाठणाऱ्याला मात्र किमान तिकीट दुपटीनेच. यातला प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर त्याला काही ना काही समर्थन आहे. एकत्र मांडले की सूत्र स्वच्छ दिसते : जो रस्ता जास्त अडवतो त्याला सवलत, जो कमी अडवतो त्याला वाढ.

टोलविरुद्धचा राग खोटा नव्हता. टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठी लावला होता, धुरासाठी नव्हे. आणि मुलुंडच्या हरिओम नगरातल्या रहिवाशांना मुलुंडमध्येच येण्यासाठी टोल भरावा लागणे हा अन्यायच होता. नाक्यावरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या गाड्या हवा नासवीत, हेही खरे. पण रांगेवर उपाय फास्टॅगचा होता आणि हरिओम नगरावर उपाय स्थानिकांना सूट देण्याचा. या दोन तक्रारींपोटी सगळ्याच मोटारी मोफत सोडणे, म्हणजे छप्पर गळते म्हणून घरच पाडणे.

कुणी म्हणेल, वाहतूक तर जेमतेम पाचवा हिस्सा; आधी विजेचे बघा. जरूर बघावे. उपनगरांना वीज पुरवणारे डहाणूचे केंद्र कोळशावरच चालते आणि विजेची बसही शेवटी त्याच जाळ्यातून चार्ज होते. पण कोळशाची जागा सौर आणि पवन ऊर्जेने घ्यायला वर्षे लागतात, भांडवल लागते. बसचे भाडे बदलायला एक बैठक पुरते. जुलै 2019 मध्ये हेच किमान भाडे आठावरून पाचावर आणले, तेव्हा बसकडे पाठ फिरवलेले प्रवासी परत आले होते. एकेकाळी चार हजारांवर बस चालवणाऱ्या बेस्टचा ताफा मात्र त्यानंतर तीन हजारांच्याही खाली उतरला. थांब्यावर अर्धा तास ताटकळून दुप्पट भाडे देण्यापेक्षा लोक शेअर रिक्षा धरतात. ऐपत असेल तो हप्त्यावर स्कूटर घेतो. उत्सर्जन वाढते ते असे, घराघरातून, हप्त्याहप्त्याने.

लंडनने फेब्रुवारी 2003 मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले, तेव्हा त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या आणि शुल्काचे उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याने बंधन घातले. मोटारवाल्याकडून घेऊन बसवाल्याला दिले. आपण नेमके उलटे केले, तेही कुणी ठरवून नव्हे. दोन खात्यांनी एकमेकांकडे न पाहता.

म्हणून मागणी मोठी नाही. मंत्रिमंडळापुढे येणाऱ्या प्रस्तावात तिजोरीवर किती भार पडेल हे लिहावे लागतेच. त्याखाली आणखी एक ओळ असावी : हवेवर किती भार पडेल? टोलमाफीच्या टिपणीत ती ओळ असती, तर निदान कुणीतरी विचारले असते की माफीचा हा पैसा बसला दिला तर काय होईल. राज्याने आपल्या पर्यावरण खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द जोडून घेतले, 'माझी वसुंधरा' अभियानही काढले. नाव आणि अभियान ठीकच आहे. पण राज्याचे खरे हवामान धोरण वाचायचे तर दोन कागद पुरेत : दहिसरला आता न मिळणारी टोलची पावती आणि बेस्टचे दहा रुपयांचे तिकीट.