रिद्धपूर : अक्षरे चार की आठ?

अमरावतीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठले आणि सकाळी वेब प्रोग्रामर मंडळींच्या परिषदेत जाऊन बसलो. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव, त्याखाली गाव : रिद्धपूर. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने "हे कुठे आलं?" असे विचारले. मोर्शी तालुक्यात, एवढेच सांगितले. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते हे गाव, हे रांगेत उभे राहून सांगण्यासारखे नव्हते.

दुपारच्या सत्रात शब्दाची लांबी मोजणारी जावास्क्रिप्टची साधी ओळ पडद्यावर होती. मी चहाच्या सुटीत तिच्यात गावाचे नाव घातले. उत्तर आले आठ! आमच्याकडचे चौथीतले पोरही रि, द्ध, पू, र अशी चार अक्षरे मोजेल. संगणक मात्र र, त्याची वेलांटी, द, पाय मोडण्याचे चिन्ह, ध, प, त्याचा उकार आणि शेवटचा र असे आठ तुकडे मोजतो. युनिकोडमध्ये जोडाक्षर हे असे तुकड्यांनीच साठवले जाते. जुळवून दाखवण्याचे काम फाँटचे. इथवर काही बिघडत नाही. बिघडते ते अर्जाच्या रकान्याला 'वीस अक्षरे' अशी मर्यादा घालणारा प्रोग्रामर हेच तुकडे अक्षरे म्हणून मोजतो तेव्हा. एका भरतीच्या अर्जात माझे आडनाव असेच जोडाक्षरावर तुटले. प्रवेशपत्रावर लंगडे अक्षर छापून आले आणि ओळखपत्राशी नाव जुळेना म्हणून परीक्षा केंद्राच्या दारात अर्धा तास उभे राहिलो.

देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. 'द्ध' मधोमध तोडू नये, हा नियम मात्र त्याच्या सर्वसाधारण नियमावलीत आला २०२३ साली, १५.१ व्या आवृत्तीत. तो पाळणारे साधन वापरले की उत्तर बरोबर चार येते. एवढा उशीर का, याचे उत्तर परकीयांच्या कटात शोधण्यात अर्थ नाही. प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. त्याला पुरावे जोडावे लागतात आणि चिकाटी लागते. आपण भाषेसाठी मोर्चे काढतो, हे कंटाळवाणे काम मात्र दुसऱ्यावर सोडतो.

रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला २०२४ साली पहिले कुलगुरू मिळाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जाही. तिथे पोथ्यांचे जाणकार येतील, ते यायलाच हवेत. पण त्यांच्या शेजारी दोन-चार प्रोग्रामर बसवावेत, असे मला वाटते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. त्यांची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडली. एका अक्षराच्या जागी दुसरे लिहिणे म्हणजे काय, हे त्या पोथ्या वाचणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तो आणि युनिकोडची कोष्टके वाचणारा पोरगा एका टेबलाशी बसले तर कोणी कोणाला शिकवायचे, हाच वाद होईल. होऊ द्यावा.

परतीच्या गाडीत वाशीमच्या पुढे झोप उडाली. मोर्शीकडच्या एका पतसंस्थेसाठी मी स्वतः केलेल्या अर्जात लांबी मोजणारी तीच ओळ होती. सभासदांची नावे किती ठिकाणी तुटली असतील कोण जाणे. सोमवारी सकाळी आधी ती ओळ बदलली आणि मग जुन्या नोंदी तपासायला बसलो.