लॉगिनचा पासवर्ड नेमके कशाचे रक्षण करतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचे नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केले. नागरिकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थांनी योजावयाच्या सुरक्षा-उपायांमध्ये त्यांनी एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती कूटबद्ध करून ठेवण्याचा, स्पष्ट उल्लेख केला आहे. सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मूळ कायद्यातच आहे. व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेली हाताळणी मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. ते उचितच आहे. कायद्याने कोणाच्या घरातील टेबलाचे खण तपासू नयेत. परंतु त्यामुळे घरच्या संगणकातील आधार आणि पॅनच्या प्रती, बँकेची विवरणपत्रे, आजारपणाचे अहवाल यांची राखण सर्वस्वी घरच्या माणसांवर येते, आणि पुष्कळ घरांत ती लॉगिनच्या पासवर्डवर सोपवून सारे निर्धास्त असतात.

हा विश्वास बऱ्याच अंशी अस्थानी आहे. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे, पहारेकरी. तो कार्यप्रणालीचा नोकर आहे. कार्यप्रणाली जागी असेल तोवरच तो दाराशी उभा असतो. संगणक पेनड्राइव्हवरील दुसऱ्या प्रणालीने सुरू केला, की मूळ प्रणाली झोपलेलीच राहते आणि तिचा पहारेकरीही. हार्ड डिस्कवरील फायली जशा लिहिल्या तशा वाचता येतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी तेच.

याचे उदाहरण भारतातच मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले. तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. त्यांतील अनेकांवर विंडोजच्या जोडीला सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही होती. अशा दुहेरी यंत्रावर लिनक्समधून विंडोजच्या विभागातील फायली उघडता येतात आणि विंडोजचा पासवर्ड कोणी विचारत नाही. यात कसलीही फोडाफोडी नाही, कोणते गुप्त तंत्र नाही. डिस्कवरचा मजकूर साध्या रूपात आहे आणि दुसऱ्या प्रणालीला तो वाचता येतो, इतकेच.

म्हणूनच मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह घालून बारा अक्षरी पासवर्ड करण्याचा सरसकट उपदेश घरच्या संगणकाबाबत अर्धवट ठरतो. इंटरनेटवरील खात्यांसाठी तो मोलाचा आहे. चोरीला गेलेल्या डिस्कसमोर ‘१२३४’ आणि बारा अक्षरे यांत फारसा फरक उरत नाही. एक अपवाद नोंदवायला हवा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोज कूटबद्ध करून ठेवते आणि स्थानिक खात्यात त्याची किल्ली लॉगिनच्या पासवर्डवरूनच घडते. तेथे पासवर्डची लांबी खरोखर कामाला येते. बाकी छायाचित्रे, पत्रे, करारनामे उघड्यावरच.

खरा बदल होतो तो संपूर्ण डिस्क कूटबद्ध केल्यावर. विंडोजमधील बिटलॉकर, मॅकमधील फाइलव्हॉल्ट, लिनक्समधील लक्स ही त्याची साधने. बिटलॉकरची किल्ली सहसा टीपीएम नावाच्या चिपमध्ये राहते आणि संगणक सुरू होतानाची प्रणाली मूळचीच असेल तरच ती चिप किल्ली सोडते. पेनड्राइव्हवाल्याला मग निरर्थक बाइट दिसतात. गंमत अशी, की येथे लॉगिनच्या पासवर्डला प्रथमच खरी किंमत येते, कारण मूळ प्रणालीतून आत शिरण्याखेरीज दुसरी वाट उरत नाही.

बिटलॉकर २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून आहे, पण महागड्या आवृत्त्यांसाठी. साध्या ‘होम’ आवृत्तीला पुढे त्याचे मर्यादित रूप मिळाले, तेही योग्य हार्डवेअर असेल तर. याउलट खिशातला फोन पाहावा. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये साठा कूटबद्ध असणे अनिवार्य झाले. स्वस्त फोनच्या प्रोसेसरला एईएस ही पद्धत जड जाते, म्हणून गूगलने त्याच वर्षी ‘अ‍ॅडियँटम’ ही हलकी पद्धत पुढे आणली. सर्वांत स्वस्त फोनला जे संरक्षण आपोआप मिळते, ते त्याच्या कितीतरी पट किमतीच्या संगणकाला ग्राहकाने शोधून चालू करावे लागावे, याचे समर्थन करणे अवघड आहे.

तरीही ‘उद्याच एन्क्रिप्शन चालू करा’ असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल. २०२४ च्या विंडोज ११ मधील सुधारणेनंतर नव्या यंत्रांवर हे संरक्षण बहुधा आपसूक चालू होते, आणि ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून संगणक प्रथम सुरू केला त्यात जाऊन बसते. ते खाते पुष्कळदा दुकानदाराने विक्रीच्या वेळी घाईने उघडून दिलेले असते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला, पडद्यावर ती किल्ली मागितली गेली, आणि खाते कोणाच्या नावाचे हेच घरात कोणाला ठाऊक नसले, तर मुलांची छायाचित्रे आणि प्रबंधाचा मसुदा कायमचे गेले. चोरापेक्षा हा धोका सामान्य कुटुंबाच्या अधिक जवळचा आहे. म्हणून क्रम असा हवा: आधी फायलींची वेगळी प्रत, मग किल्ली कागदावर लिहून संगणकापासून दूर, आणि त्यानंतर एन्क्रिप्शन.

चालू असलेल्या, उघडलेल्या संगणकात शिरलेल्या घातक सॉफ्टवेअरपुढे यातले काहीच टिकत नाही. दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला तरीही नाही.

फ्रिजवर वीजबचतीचे तारे छापले जातात आणि गिऱ्हाईक ते पाहूनच निवड करते. संगणकाच्या पावतीवरही दोन ओळी छापणे सक्तीचे करता येईल: डिस्क कूटबद्ध आहे की नाही, आणि असल्यास तिची किल्ली कोणत्या खात्यात ठेवली आहे. विक्रेत्याला त्यासाठी एक मिनिट पुरेल.