ठमीचा पहाटेचा अर्ज

मांजर चोवीस तास घरातच राहू शकतं, हा शोध तसा ताजा आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण मांजराच्या पेटीसाठी वाळू मागायला आली. त्याने वाळूऐवजी कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती दाणेदार माती दिली. बाई खूश झाल्या, पुन्हा मागायला आल्या. लोने पिशव्यांवर ‘किटी लिटर’ असं लिहून तीच माती विकायला काढली आणि त्यातून मोठा धंदा उभा केला. आपल्याकडे त्याची गरजच नव्हती. वाड्याचं दार दिवसभर उघडं. मांजराने कौलांवरून यावं, माळ्यावर उंदीर धरावा, चार घरचं दूध प्यावं आणि चुलीपाशी झोपावं. मांजर बाहेर जायला रडतं, ही तक्रार आमच्या आजीला समजलीच नसती.

आमची ठमी मात्र पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. पहाटे पाचच्या सुमारास ती सेफ्टी डोअरपाशी जाऊन बसते. आधी एक आखूड ‘म्याँव’, चौकशी केल्यासारखं. मग दाराखालच्या फटीत पंजा घालून चाचपणी. जिन्यात दूधवाल्याची चाहूल लागली की सूर लांबतो आणि शेवटाला कापरा होत जातो. मध्येच थांबून ती वर कडीकडे बघते, मग आमच्या खोलीकडे. कडी कोण काढतं हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मांजर रात्री जागतं असं आपण म्हणतो, पण त्याची खरी लगबग पहाटे आणि तिन्हीसांजेला. शिवाय मोठी मांजरं आपापसात म्याँव करून फारशी बोलत नाहीत. पिल्लू आईला तशी हाक मारतं, आणि मोठेपणी ती हाक उरते ती मुख्यतः माणसांसाठी. पहाटेचा तो सगळा अर्ज आमच्याच नावाने असतो. वरच्या काकूंना हे पटत नाही. “अगं, पहाटे मांजर रडणं बरं नव्हे,” असं त्या लिफ्टमध्ये भेटल्या की सांगतात.

शकुनाचं जाऊ द्या, पण रडण्याचं कारण आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, हे मात्र खरं. ऑपरेशन न केलेली भाटी माजावर आली की अंग जमिनीला घासत, शेपटी बाजूला करून घर डोक्यावर घेते. मांजरीत बीज सुटतं ते मीलनानंतर. मीलन झालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तोच गोंधळ. तिथे प्रेमाने समजावून उपयोग नाही, ऑपरेशनच हवं. म्हातारं मांजर रात्री-बेरात्री हंबरायला लागलं तर थायरॉइड, रक्तदाब, कमी झालेलं ऐकू येणं, यातलं काहीही असू शकतं. आणि बोका मातीच्या पेटीत पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, लघवी होत नसेल, तर दुपारची वेळ, रविवार वगैरे न बघता त्याला घेऊन पळावं. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

ठमी ठणठणीत निघाली. मग उरला घरातला फितूर, म्हणजे माझे सासरे.

“सोड गं तिला जरा. पोटचं पोर असतं तर एवढं रडू दिलं असतंस का?” असं म्हणत बाबा अधूनमधून दार उघडायचे. अधूनमधून, हीच सगळ्यात वाईट तऱ्हा. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवलं आहे. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद झाला की लवकर नाद सोडतं. कधी मिळेल याचा नेम नसलेलं कबुतर मात्र टोचतच राहतं. सोडतीचं तिकीट घेणारा माणूस याहून वेगळं काय करतो? त्यात आणखी एक मेख आहे. दार उघडणं कायमचं बंद केलं की रडणं आधी वाढतं. बहुतेक घरं नेमकी तिथे हात टेकतात, आणि मांजर शिकतं की याहून मोठ्याने ओरडायला हवं.

“बाहेर जाऊ दे की, मांजरच ते” म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. आमच्या गेटबाहेर भटकी कुत्री आहेत, पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आहेत, आणि दुचाकीवाले वळणावर हॉर्नसुद्धा देत नाहीत. वाड्यातलं मांजर मोकळं होतं हे खरं, पण त्यातली किती म्हातारी झाली हे कुणी मोजलं नव्हतं. वरून पडलं तरी मांजर पायांवर उतरतं, हा विश्वासही बेताने ठेवावा. १९८७ साली न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयाने इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. त्यातली नव्वद टक्के जगली. पण ही रुग्णालयापर्यंत पोहोचलेली मांजरं. फुटपाथवरच संपलेली त्या हिशेबात कुठून येणार? म्हणून बाल्कनीला जाळी हवीच, आणि ती कबुतरजाळीपेक्षा जाड. पातळ नायलॉन ठमीने एका पावसाळ्यात कुरतडून भोक पाडलं होतं, तेही कोपऱ्यात, कुंडीच्या मागे, जिथे कुणी बघणार नाही.

नुसतं दार बंद करून मात्र भागत नाही, त्या वेळेला दुसरं काही द्यावं लागतं. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, असा मांजराचा क्रम. तो घरात लावायचा. काठीला बांधलेलं पीस रात्री झोपण्याआधी तिला दमेपर्यंत पळवायचं, शेवटी एकदा नीट पकडू द्यायचं आणि लगेच जेवण वाढायचं. हे काम आम्ही बाबांवर सोपवलं. ते पीस सोफ्यामागे लपवतात, नुसतं टोक हलवतात, ठमीचं मागचं अंग डुलायला लागलं की श्वास रोखून धरतात. बातम्या बघायच्या राहून जातात. छातीपट्टा लावून गच्चीवर फिरवणंही तेच करतात, पण संध्याकाळी, ठरल्या वेळी आणि ती गप्प असताना. रडली म्हणून पट्टा निघत नाही, हा नियम आता त्यांनाही मान्य आहे.

पहाटेचं रडणं बरंच कमी झालंय, संपलेलं नाही. शेजारी बांगडे तळत असतील तर दुपारीही एक सूर लागतो. त्यावर इलाज नाही, तिथे आमचाही जीव दाराकडे ओढ घेतो. काहीजण सुचवतात, दुसरं मांजर आणा, सोबत होईल. माझ्या मते एकीच्या कंटाळ्यावर हा उपाय करणं म्हणजे दारापाशी दोघींना बसवणं. बाबांनी नाव मात्र शोधून ठेवलंय.