खोक्यावरचे वॅट

पहिला पगार झालेल्या पोराला बाजार लगेच ओळखतो. अंधेरी असो की मुलुंड, विशीतला मुलगा दुकानात जाऊन ‘गाणी ऐकायला काहीतरी दाखवा’ म्हणाला की त्याच्यासमोर लाल-निळे दिवे लुकलुकणारा पार्टी स्पीकर येतो, नाहीतर हप्त्यावरचं होम थिएटर. दोन साधे स्पीकर आणि एक छोटा ॲम्प्लिफायर घे, असं त्याला कुणी सांगत नाही. त्यात दुकानदाराला सुटतं काय?

घाटकोपरच्या माझ्या भाच्याला असाच एक डबा दाखवला गेला. खोक्यावर ठळक अक्षरांत ३००० वॅट पीएमपीओ. “मामू, एवढ्या पैशात तीन हजार वॅट!” मी त्याला ॲडॅप्टर उलटा करून वाचायला लावला. १२ व्होल्ट, २ ॲम्पियर. गुणाकार केला की २४ वॅट. आत २४ जाणार आणि बाहेर ३००० येणार, ही करामत कुठल्या कारखान्यात होते? पीएमपीओ म्हणजे क्षणभराची, कागदावरची कमाल. ती मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम करून असल्या फुगवलेल्या दाव्यांना लगाम घातला. सलग किती वॅट मिळतात ते सांगा, एवढंच. आपल्याकडची खोकी अजून जुनीच थाप मारतात.

आणि मुळात वॅट लागतात किती? समजा, छोट्या स्पीकरच्या मागे ८६ डेसिबल संवेदनशीलता लिहिली आहे. म्हणजे १ वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. ४ वॅटला ९२ झाले. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्यावर अम्मी स्वयंपाकघरातून ओरडतेच. प्रत्येक बाजूला २० खरे वॅट पुष्कळ झाले.

दुसरी जमात हायफाय शौकिनांची. लाखाच्या खाली ‘खरं’ संगीत नसतं म्हणे! वायरीवरच हजारो घालणारी ही मंडळी बजेट हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. मग गरिबाच्या पोराने ऐकायचं कशावर? फोनवर? फोनच्या स्पीकरमधून तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा गायब होतो. ढोलकीचंही तेच. ज्या घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले, तिथल्या पोराने ढोलकी अर्धीच ऐकावी, हे ठरवणारे तुम्ही कोण?

आम्ही दहा हजारांत भागवायचं ठरवलं आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. वापरलेली बुकशेल्फ स्पीकरची जोडी ५,५०० ला मिळाली. जाळीचं कापड फाटलेलं होतं, ते बघायचंच नाही. बघायची ती शंकूभोवतीची कड. फोमची असेल तर मुंबईच्या दमट हवेत भुगा होते. आमची रबराची होती, शाबूत. दोन्ही स्पीकर एकेक करून वाजवायला लावले. दुकानदार वैतागला, वैतागू दे. ॲडॅप्टरसकट क्लास डी ॲम्प्लिफायर ३,२००. वायर मीटरवर मिळणारी साधी तांब्याची. फक्त लाल टोक लाललाच आणि काळं काळ्यालाच लागलं पाहिजे. एकाच बाजूला उलटं लागलं तर दोन शंकू एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि खालचे सूर पातळ होतात. मग लोक स्पीकरला दोष देतात.

जागेचं काम तर फुकटचं. स्पीकर लोखंडी कपाटावर ठेवले की कपाटच वाजतं, म्हणून ते खाली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर घेतले. दोघांत जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर ऐकणाऱ्याने बसायचं. कोपऱ्यातली गाद्यांची चळत हलवू दिली नाही, ती घुमारा शोषते. रफीसाहेबांची जुनी गाणी मोनो आहेत, तरी जोडी नीट लावली की आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, रिकाम्या भिंतीपाशी उभा राहतो. एका डब्यातून ते होत नाही, त्यावर कितीही वॅट छापा.

भाच्याला आता सबवूफर हवाय. मी नाही म्हटलं. त्याची भिंत शेजाऱ्याचीही भिंत आहे आणि जाड सूर विटेतून आरपार जातात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात, आणि पलीकडची बाई सकाळी सव्वापाचची लोकल पकडते.